अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास आणि राज्यव्यवस्था : सहावी ते आठवीच्या मुलांचे नेहमीचे प्रश्न

अमेरिकेतल्या शाळांत सहावी ते आठवीच्या दरम्यान कधीतरी मुलांच्या दप्तरात अमेरिकेच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक येतं. आमच्या शनिवारच्या मराठी वर्गात मुलं ते घेऊनच येतात आणि मराठीचा तास बघता बघता इतिहासाचा होतो. दरवर्षी साधारण तेच प्रश्न असतात. काही मुलांचे, काही त्यांचा अभ्यास घेणाऱ्या आईबाबांचे आणि सगळ्यात खोलात शिरणारे आजीआजोबांचे. ते इथे एकत्र केले आहेत. शाळेत जे शब्द कानावर पडतात ते मुद्दाम तसेच ठेवले आहेत, म्हणजे पेपर लिहिताना अडायला होणार नाही.

हा इतिहास कोलंबसापासून सुरू होतो ना?

नाही. कोलंबस १४९२ मध्ये बहामा बेटांवर उतरला. आज ज्या देशाला आपण अमेरिका म्हणतो, त्याच्या मुख्य भूमीवर त्याने कधी पाऊलही ठेवलं नाही. त्याच्या आधी हजारो वर्षं इथे माणसं राहत होती, मका पिकवत होती, लढत होती आणि तहही करत होती. आजच्या न्यूयॉर्क राज्यात मोहॉक, ओनायडा, ओनोन्डागा, कयुगा आणि सेनेका या पाच जमातींनी इंग्रज येण्याआधीच आपला संघ उभारला होता. पुढे टस्करोरा ही सहावी जमात त्यात आली.

आपण हिंदुस्थानच्या बाजूला पोचलो असं कोलंबसाला वाटलं, म्हणून त्याने इथल्या लोकांना 'इंडियन' म्हटलं. आपल्या मुलांची या शब्दापायी वर्गात हमखास पंचाईत होते. उत्तरात 'नेटिव्ह अमेरिकन' लिहा, आणि जमातीचं नाव माहीत असेल तर तेच लिहा.

जेम्सटाउन आणि प्लिमथ यांत माझा नेहमी घोळ होतो.

जेम्सटाउन १६०७, व्हर्जिनिया, पैसा. प्लिमथ १६२०, मॅसॅच्युसेट्स, धर्म. एवढं पक्कं झालं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

जेम्सटाउन ही व्हर्जिनिया कंपनी नावाच्या व्यापारी कंपनीची वसाहत. सोनं मिळेल या आशेने शंभरेक पुरुष आणि मुलगे नदीकाठच्या दलदलीत येऊन राहिले. प्यायला धड पाणी नव्हतं, आजारांनी माणसं पटापट गेली आणि १६०९-१० च्या हिवाळ्यात तर अशी उपासमार झाली की शेकडो लोकांतले साठेकच वाचले. वसाहत तगली ती तंबाखूच्या पिकावर, आणि त्या शेतीला राबणारे हात हवे होते. म्हणून १६१९ हे साल विसरू नका. त्या वर्षी जुलैमध्ये जेम्सटाउनच्या चर्चमध्ये निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. पुढच्याच महिन्यात, पकडून आणलेल्या वीसएक आफ्रिकी लोकांना घेऊन एक जहाज व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला लागलं. निवडणूक आणि गुलामी एकाच उन्हाळ्यात, एकाच वसाहतीत आली. पुढचे निम्मे प्रश्न या गाठीतूनच निघतात.

प्लिमथला आलेले लोक इंग्लंडच्या चर्चशी पटत नाही म्हणून निघाले होते. 'मेफ्लॉवर' जहाजावर १०२ प्रवासी होते. त्यांना परवानगी होती व्हर्जिनियाच्या हद्दीतली, पण ते पोचले बरेच उत्तरेला. मग इथे राज्य कोणाचं? ४१ पुरुषांनी जहाजावरच एका कागदावर सह्या केल्या : नियम आपण मिळून करू आणि ते सगळे पाळू. हाच 'मेफ्लॉवर कॉम्पॅक्ट'. पहिला हिवाळा सरेपर्यंत त्यांतले निम्मे लोक दगावले होते.

वसाहती तेराच का?

ब्रिटनच्या वसाहती तेराहून बऱ्याच जास्त होत्या. जमैका, बार्बाडोस, नोव्हा स्कोशिया, क्वेबेक या सगळ्या ब्रिटिशांच्याच, पण त्या बंडात उतरल्या नाहीत. उतरल्या त्या तेरा. झेंड्यावरचे तेरा पट्टे त्यांचे.

चहा तर स्वस्त झाला होता. मग तो समुद्रात का फेकला?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी मनातल्या मनात पूर्ण गुण देऊन टाकते, कारण पुस्तक नीट वाचल्याशिवाय तो सुचतच नाही.

फ्रेंचांशी झालेलं युद्ध १७६३ मध्ये संपलं तेव्हा ब्रिटनच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. ते युद्ध वसाहतींसाठीही लढलं गेलं, तेव्हा थोडा भार त्यांनीही उचलावा, असं लंडनच्या पार्लमेंटला वाटलं. १७६५ मध्ये स्टँप ॲक्ट आला. वर्तमानपत्र, मृत्युपत्र, परवाना, अगदी पत्त्यांचा जोडसुद्धा शिक्का असलेल्या कागदावरच हवा. घरभाड्याच्या करारासाठी आपण स्टँप पेपर आणतो, त्यातलाच हा प्रकार. लोक खवळले ते रकमेवरून नव्हे. पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, मग आमच्यावर कर लादणारे तुम्ही कोण, हे त्यांचं म्हणणं. वर्षभरात तो कायदा मागे घ्यावा लागला, पण पुढे दुसरे कर आले आणि त्यांतला चहावरचा पौंडामागे तीन पेन्सचा कर टिकून राहिला.

१७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी बुडायला आली होती. होय, आपलीच ती. लंडनच्या गोदामांत तिचा चहा पडून होता. पार्लमेंटने टी ॲक्ट करून कंपनीला तो थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली. त्यामुळे कर धरूनही चहा स्वस्त पडणार होता. वसाहतींतल्या पुढाऱ्यांनी यातला डाव ओळखला : स्वस्त चहा घेतला की करही मान्य केल्यासारखा होतो. शिवाय इथल्या व्यापाऱ्यांचा धंदा बसणार होता, तेही एक कारण होतंच.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टन बंदरात तीन जहाजं उभी होती : डार्टमाउथ, एलिनॉर आणि बीव्हर. मोहॉक लोकांसारखी वेशभूषा करून माणसं वर चढली आणि कुऱ्हाडींनी ३४२ पेट्या फोडून सगळा चहा पाण्यात ओतला. तो चहा आसामचा नव्हता बरं का, चीनचा होता. आसामात चहाचे मळे उभे राहायला अजून साठेक वर्षं होती.

आपल्याकडे हेच साल दुसऱ्या कारणाने लक्षात असतं. १७७३ च्या ऑगस्टमध्ये, गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आणि याच कर्जबाजारी कंपनीला वेसण घालायला पार्लमेंटने त्याच वर्षी रेग्युलेटिंग ॲक्ट केला, ज्यामुळे वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल झाला. पुढे या दोन्ही घटना पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात एकमेकींना येऊन भिडतात.

४ जुलैला नक्की काय झालं?

स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला २ जुलै १७७६ ला. त्यामागची कारणं सांगणारा जाहीरनामा मंजूर झाला ४ जुलैला. बहुतेकांच्या सह्या झाल्या २ ऑगस्टला. जॉन ॲडम्सने बायकोला पत्र लिहून कळवलं होतं की पुढच्या पिढ्या २ जुलै हाच सण म्हणून साजरा करतील. दोन दिवसांनी चुकला.

मसुदा लिहिणारा थॉमस जेफरसन तेव्हा ३३ वर्षांचा होता. छापील प्रत ९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये सैनिकांना वाचून दाखवली, तेव्हा ऐकणाऱ्यांनी जाऊन राजा तिसऱ्या जॉर्जचा घोड्यावरचा शिशाचा पुतळा दोर लावून पाडला. त्या शिशाच्या ४२,००० वर बंदुकीच्या गोळ्या ओतल्या गेल्या.

सगळे लोक स्वातंत्र्याच्या बाजूने होते का?

नव्हते. राजाशी एकनिष्ठ राहिलेल्यांना 'लॉयलिस्ट' म्हणतात. घराघरांत फूट पडली होती. बेंजामिन फ्रँकलिन जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांतला, तर त्याचा मुलगा विल्यम हा न्यू जर्सीचा राजाने नेमलेला गव्हर्नर. मुलगा राजाच्या बाजूने राहिला, कैदेत गेला आणि बापलेकांचं पुढे कधी नीट जमलं नाही.

एवढं बलाढ्य ब्रिटन हरलं कसं?

तीन हजार मैल समुद्र ओलांडून लढायचं होतं, हे पहिलं कारण. दुसरं कारण फ्रान्स. १७७७ मध्ये साराटोगाला एक अख्खी ब्रिटिश फौज शरण आली, तेव्हा हे लोक टिकतील असा फ्रान्सला भरवसा वाटला आणि १७७८ मध्ये त्यांनी उघड हातमिळवणी केली. १७८१ च्या शरद ऋतूत व्हर्जिनियात यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिस अडकला. समोर अमेरिकेचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याची आणि फ्रेंचांची फौज, मागे समुद्रात फ्रेंच आरमार. १९ ऑक्टोबरला त्याने शरणागती दिली, पण तब्येतीचं कारण सांगून तलवार द्यायला दुय्यम अधिकाऱ्याला पाठवलं. मग वॉशिंग्टननेही ती आपल्या दुय्यम अधिकाऱ्यालाच घ्यायला लावली.

कॉर्नवॉलिस हे नाव आजोबांनी ऐकलेलं असतं. तोच हा. १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, मराठे आणि निजाम यांना बरोबर घेऊन टिपू सुलतानाशी लढला आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणचा तह केला. त्याची कबर गाझीपूरला आहे. अमेरिकेचं युद्ध चालू होतं त्याच वर्षांत, १७७५ ते १७८२, इंग्रज मराठ्यांशीही लढत होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांना मराठ्यांपुढे नमतं घेऊन तह करावा लागला होता. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बघा. अमेरिकेच्या पुस्तकात तुम्हाला हे सापडणार नाही.

आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशनमध्ये चुकलं काय?

राजाला घालवल्यावर लोकांना दुसरा राजा नको होता, म्हणून आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन या पहिल्या घटनेत मध्यवर्ती सरकार मुद्दाम दुबळं ठेवलं. काँग्रेसला कर बसवता येत नव्हता, राज्यांकडे फक्त मागता येत होतं. राष्ट्राध्यक्ष नाही, न्यायालय नाही आणि नियम बदलायचा तर तेराही राज्यांची संमती हवी. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी डॅनियल शेज या माजी सैनिकासोबत बंड केलं, तेव्हा केंद्राकडे फौज उभी करायला पैसे नव्हते. वर्षभराच्या आत नवी घटना लिहायला लोक जमले, यावरून धसका केवढा होता ते कळतं.

आजीआजोबांसाठी : इथे 'काँग्रेस' म्हणजे पक्ष नव्हे, संसद.

घटना कोणी आणि कशी लिहिली?

१७८७ चा उन्हाळा, फिलाडेल्फिया. ५५ प्रतिनिधी आले, बारा राज्यांचे, कारण ऱ्होड आयलंडने कोणी पाठवलंच नाही. जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्षस्थानी. ८१ वर्षांचा फ्रँकलिनही होता. चर्चा बाहेर जाऊ नये म्हणून गुप्ततेचा नियम केला आणि उकाड्यातही खिडक्या बंद ठेवल्या. जेम्स मॅडिसन रोज पुढे बसून सगळं टिपून घ्यायचा. कोण काय बोललं हे आज आपल्याला कळतं ते मुख्यतः त्याच्या टिपणांमुळे. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. जेफरसन तेव्हा पॅरिसमध्ये आणि ॲडम्स लंडनमध्ये वकिलातीच्या कामावर होते. 'घटना जेफरसनने लिहिली' हे उत्तर दरवर्षी कोणीतरी लिहितंच. ते चूक.

मोठं भांडण झालं ते मोठी राज्यं आणि छोटी राज्यं यांचं. लोकसंख्येप्रमाणे जागा द्या, असं व्हर्जिनिया म्हणे. सर्वांना सारख्या द्या, असं न्यू जर्सी म्हणे. कनेक्टिकटच्या रॉजर शर्मनने पुढे केलेला तोडगा शेवटी टिकला : एका सभागृहात (प्रतिनिधीगृहात) लोकसंख्येप्रमाणे, दुसऱ्यात (सिनेटमध्ये) प्रत्येक राज्याचे दोन. यालाच 'ग्रेट कॉम्प्रमाइज' म्हणतात.

'थ्री-फिफ्थ्स' म्हणजे गुलामाला तीन-पंचमांश माणूस मानलं, असंच ना?

असं सर्रास सांगितलं जातं, पण हिशेब उलटा आहे. तो नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

प्रतिनिधीगृहातल्या जागा लोकसंख्येवर ठरणार होत्या. गुलामांना पूर्ण मोजा, हा आग्रह होता गुलाम ठेवणाऱ्या दक्षिणेच्या राज्यांचा. त्यांना मत द्यायचं नाही, मालमत्ता म्हणून विकायचं, पण जागा मोजताना मात्र माणूस म्हणून धरायचं. उत्तरेकडचे म्हणाले, मोजूच नका. शेवटी पाचांतले तीन धरायचे ठरलं. म्हणजे जितके गुलाम जास्त मोजले जातील, तितकी त्यांच्या मालकांची ताकद वाढणार होती. आणि मूळ घटनेत 'गुलाम' हा शब्द कुठेही नाही. 'इतर व्यक्ती' असं लिहून वेळ मारून नेली आहे. लिहिणाऱ्यांना शब्दाची लाज वाटली, प्रथेची वाटली नाही.

'सर्व माणसं समान' लिहिणाऱ्यांनी गुलाम कसे ठेवले?

हा प्रश्न मुलं रागाने विचारतात, आणि तो राग योग्य आहे. जेफरसनने आयुष्यभरात ६०० च्या वर माणसं गुलाम म्हणून बाळगली. वॉशिंग्टनने मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त केलं, पण हयातीत नाही. १७९० च्या पहिल्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ३९ लाखांच्या घरात होती आणि त्यांतले जवळजवळ ७ लाख गुलाम होते. तेव्हाच्या पुष्कळ लोकांना ही विसंगती दिसत होती आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. त्यामुळे 'तो काळच तसा होता' हे उत्तर पुरत नाही.

त्याऐवजी मी मुलांना बेट नावाच्या बाईची गोष्ट सांगते. मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्ड गावात कर्नल जॉन ॲश्ली यांच्या घरी ती गुलाम होती. लिहायवाचायला येत नव्हतं. १७७३ मध्ये याच घरात गावातली प्रतिष्ठित मंडळी जमली आणि माणसं जन्मतः समान आणि स्वतंत्र आहेत असा ठराव त्यांनी लिहून काढला. घरात काम करणाऱ्या बाईच्या कानावर ती बोलणी पडत असणारच. १७८० मध्ये राज्याची नवी घटना आली, तिच्यातही तेच शब्द. एकदा मालकिणीने तापलेलं फावडं एका मुलीवर उगारलं. बेटने मध्ये हात घातला आणि तिच्या हाताला कायमची खूण राहिली. ती हात झाकायची नाही, लोकांना दिसू द्यायची. मग ती थिओडोर सेजविक या वकिलाकडे गेली. तो ठराव लिहिणाऱ्यांत हा सेजविकही होता. तिचं म्हणणं सरळ होतं : सगळे जन्मतः स्वतंत्र असं कायदा म्हणतो, मग मी का नाही?

ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात ज्यूरीने तिच्या आणि तिच्यासोबत दावा लावलेल्या ब्रॉमच्या बाजूने निकाल दिला. ३० शिलिंग भरपाईही मिळाली. तिने नवं नाव घेतलं, एलिझाबेथ फ्रीमन. दोन वर्षांत राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने गुलामी घटनेत बसत नाही असं सांगितलं आणि १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सपुढे गुलामांची संख्या शून्य आहे. ज्यांनी ते शब्द लिहिले त्यांना ते एवढे लांब न्यायचे नव्हते. तिने नेले.

साऱ्या देशातली गुलामी मात्र यादवी युद्धानंतर, १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने संपली. महाराष्ट्रात महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. घरी प्रत असेल तर पहिलं पान उघडून मुलांना दाखवा.

सिनेट म्हणजे आपली राज्यसभा का?

दिसायला तशी, पण दोन मोठे फरक आहेत. राज्यसभेत जागा साधारण लोकसंख्येप्रमाणे : उत्तर प्रदेशाच्या ३१, महाराष्ट्राच्या १९, गोव्याची १. सिनेटमध्ये कॅलिफोर्नियाचे दोन आणि इवल्या लोकसंख्येच्या वायोमिंगचेही दोनच. दुसरं म्हणजे सिनेटचे अधिकार फार मोठे आहेत. न्यायाधीश, राजदूत आणि मंत्री यांच्या नेमणुकांना तिची संमती लागते. पूर्वी सिनेटर राज्यांची विधिमंडळं निवडायची, आपल्या राज्यसभेसारखंच. १९१३ पासून लोक थेट निवडतात.

राष्ट्राध्यक्ष म्हणजे तिकडचे पंतप्रधान, असं आजीला सांगू का?

नको. आपले पंतप्रधान लोकसभेतल्या बहुमतावर उभे असतात. बहुमत गेलं की सरकार पडतं. इथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक वेगळी, काँग्रेसची वेगळी. विरोधकांचं बहुमत आलं तरी त्याची चार वर्षांची खुर्ची जात नाही. मंत्र्यांना काँग्रेसचं सदस्य राहता येत नाही. मुदतीआधी काढायचं तर महाभियोग : आरोप ठेवणार प्रतिनिधीगृह, खटला चालवणार सिनेट, आणि दोषी ठरवायला दोन-तृतीयांश मतं.

चेक्स अँड बॅलन्सेस एकदा सोपं करून सांगा.

व्याख्या पाठ करू नका. एका विधेयकाच्या मागे मागे जा. दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. राष्ट्राध्यक्षाला पटलं नाही, त्याने व्हेटो वापरून परत पाठवलं. दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केलं, तर त्याच्या सहीविना कायदा झाला. मग कोणी न्यायालयात गेलं आणि घटनेत बसत नाही म्हणून न्यायालयाने तो रद्द केला. ते न्यायाधीश नेमले कोणी? राष्ट्राध्यक्षाने. संमती कोणाची? सिनेटची. काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष आणि न्यायालय, तिघांच्या चाव्या एकमेकांकडे. फौजेचा सरसेनापती राष्ट्राध्यक्ष, पण युद्ध पुकारायचा अधिकार आणि पैसा काँग्रेसकडे.

कायदा रद्द करायचा अधिकार सुप्रीम कोर्टाला घटनेने दिला का?

स्पष्ट शब्दांत नाही. तो १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात पक्का झाला. राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सने पद सोडता सोडता काही नेमणुका केल्या. विल्यम मार्बरीचं नेमणूकपत्र सही-शिक्क्यानिशी तयार होतं, पण पोचवायचं राहून गेलं. ते पोचवण्याची जबाबदारी होती तेव्हाचा परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल याच्यावर. नवा राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या सरकारने ते अडवून ठेवलं. मार्बरी कोर्टात गेला, तर समोर सरन्यायाधीश कोण? तोच जॉन मार्शल. त्याने निकाल दिला की पत्र मिळायचा मार्बरीला हक्क आहे, पण ज्या कायद्याने तो थेट आमच्याकडे आला तो कायदाच घटनेविरुद्ध आहे, म्हणून रद्द. मार्बरीला नोकरी मिळाली नाही. कोर्टाला मिळालेला अधिकार आजही चालू आहे. भारताच्या घटनाकारांनी हे लोकांच्या समजुतीवर सोडलं नाही. मूलभूत हक्कांच्या विरुद्ध जाणारा कायदा बाद, असं अनुच्छेद १३ मध्ये सरळ लिहून टाकलं.

जास्त मतं मिळूनही उमेदवार हरतो, हे कसं?

राष्ट्राध्यक्षाला इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेल्या 'इलेक्टर' प्रतिनिधींचं मंडळ, निवडतं. प्रत्येक राज्याच्या सिनेटर आणि प्रतिनिधींच्या बेरजेइतके इलेक्टर, राजधानीचे तीन, एकूण ५३८. जिंकायला २७०. बहुतेक राज्यांत जो एका मताने पुढे, त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर. म्हणून देशभरात जास्त मतं मिळवणारा हरू शकतो : १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६ मध्ये तसं झालं. मला ही पद्धत पटत नाही, पण परीक्षेत दोन्ही बाजू लिहा.

बिल ऑफ राइट्समधल्या दहाही दुरुस्त्या पाठ करायच्या?

पहिली पक्की करा : धर्म, भाषण, वृत्तपत्र, शांततेने एकत्र जमणं आणि सरकारकडे दाद मागणं. चौथी (विनाकारण झडती नाही), पाचवी आणि सहावी (खटल्यातले हक्क) आणि दहावी (केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांचे आणि लोकांचे) समजून घ्या. प्रत्येक राज्यात शाळेचे नियम वेगळे का, याचं उत्तर या दहाव्या दुरुस्तीत आहे.

दहा मंजूर झाल्या १५ डिसेंबर १७९१ ला, पण काँग्रेसने पाठवल्या होत्या बारा. उरलेल्यांतली एक खासदारांच्या पगाराबद्दल होती. १९८२ मध्ये टेक्सासच्या एका विद्यार्थ्याने निबंधात दाखवलं की ती अजून मंजूर होऊ शकते. त्याला 'सी' श्रेणी मिळाली. त्याने राज्याराज्यांना पत्रं लिहायला सुरुवात केली आणि १९९२ मध्ये ती सत्ताविसावी दुरुस्ती झाली. श्रेणी सुधारून 'ए' मिळायला २०१७ उजाडलं.

बायकांना मत कधी मिळालं?

देशभर १९२० मध्ये, एकोणिसाव्या दुरुस्तीने. पण न्यू जर्सीच्या मुलींनी आपल्या राज्याचं लक्षात ठेवावं : १७७६ च्या तिथल्या घटनेत ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या 'सर्व रहिवाशांना' मत होतं. त्यामुळे अविवाहित आणि विधवा बायका मतदान करत. १८०७ मध्ये तो हक्क काढून घेतला.

मूळ रहिवाशांनी कोर्टात दाद मागितली नाही का?

मागितली, आणि निकाल त्यांच्या बाजूनेही लागला. चेरोकी लोकांनी अमेरिकेसारखीच आपली लेखी घटना १८२७ मध्ये केली. सेक्वोया नावाच्या त्यांच्या माणसाने, स्वतःला इंग्रजी वाचता येत नसताना, चेरोकी भाषेची लिपी तयार केली. आपल्या बाराखडीसारखंच, एका चिन्हाला एक अक्षर. तिच्यात वर्तमानपत्र निघू लागलं. १८३२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चेरोकींच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालत नाहीत. तरीही १८३८-३९ मध्ये सैन्याने सुमारे १६,००० लोकांना घरांतून काढून पश्चिमेला हाकललं. वाटेत आणि छावण्यांत सुमारे ४,००० मेले. त्या वाटेला 'ट्रेल ऑफ टियर्स' म्हणतात. वर सांगितलेल्या तिघांच्या चाव्यांचा धडा झाला की लगेच हे वाचा. निकाल कोर्टाचा होता, पण तो अमलात आणणारं कोणी नव्हतं.

आजीची नागरिकत्वाची परीक्षा आहे. हीच माहिती तिला चालेल?

चालेल. प्रश्नांची यादी सरकारच जाहीर करतं, पण ती मधूनमधून बदलते, म्हणून ताजी पाहून घ्या. वय ५५ च्या वर आणि ग्रीन कार्डावर १५ वर्षं झाली असतील, तर इंग्रजीची अट नाही. दुभाषा घेऊन मराठीत उत्तरं देता येतात. आमच्या वर्गात नातीबरोबर येणाऱ्या एक आजी अशाच तयारी करत होत्या. घटनेचे पहिले तीन शब्द कोणते, असं नातीने विचारलं. 'वी द पीपल' त्यांच्या जिभेवर बसेना. मग नातीने अर्थ सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मग हे आपलंच की. आम्ही, भारताचे लोक." त्यानंतर तो प्रश्न त्यांना पुन्हा विचारावा लागला नाही.